स्क्रू हवेत की नकोत, हे वाकून काढलेल्या एक्स-रेला विचारा

पत्र : मी ५७ वर्षांची. भांडुपला राहते, दादरच्या शाळेत शिकवते. दोन वर्षं कंबर दुखते आहे, पण आता खरा त्रास पायांचा आहे. स्टेशनपासून शाळा दहा मिनिटांवर, तरी वाटेत दोनदा थांबावं लागतं. पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, तळव्यांना मुंग्या येतात. कुठे टेकले की दोन मिनिटांत बरं वाटतं. एमआरआयमध्ये चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय, ‘ग्रेड १’, आणि तिथे नसांची जागा अरुंद झालीय, असं आलं. एका सर्जननी चार स्क्रू, दोन रॉड आणि केज सांगितला. खर्च पावणेपाच लाख, इम्प्लांट वेगळे. मे महिन्याच्या सुट्टीत उरकून घ्या म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते स्क्रूंची गरज नाही, नस मोकळी केली की पुरे. शेजारच्या काकू म्हणतात, पाठीत लोखंड घातलं की माणूस अंथरुणाला खिळतो. मुलगा म्हणतो, एकदाचं करून टाक. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सकाळी मशेरी लावते, ते डॉक्टरांना सांगितलेलं नाही. हे स्क्रू आयुष्यभर आत राहतात का? गणपतीत पाटावर बसून मोदक वळता येतील का? मी काय करू?

उत्तर :

बाई, (शाळेत सगळे तुम्हाला बाईच म्हणत असतील, मीही तेच म्हणते) तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते मशेरीच्या ओळीसाठी. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटाकडे हळूच लिहिली आहे. तिच्याकडे येतेच.

आधी माझ्याबद्दल. मी सर्जन नाही. मी फिजिओथेरपिस्ट, आणि माझी सगळी नोकरी या शहरातल्या सार्वजनिक रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांसोबत गेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घाबरलेले चेहरे मी पाहिले, दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना कॉटवरून उठवलं, आणि वर्षाने ती परत आली तेव्हाही पाहिलं. मला सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं ते या वर्षाने परत येणाऱ्यांकडून.

तुमच्या प्रश्नाला ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं एका शब्दात उत्तर देणारा माणूस भेटला, तर त्याच्यापासून जरा लांब राहा. कारण इथे प्रश्न दोन आहेत आणि सगळे जण ते एकात मिसळून बोलताहेत. दबलेली नस मोकळी करायची का, हा पहिला. मोकळी केल्यावर मणका स्क्रूंनी जखडायचा का, हा दुसरा. तुमचे दोन्ही डॉक्टर पहिल्या प्रश्नावर एकमताने ‘हो’ म्हणताहेत, हे तुमच्या लक्षात आलं का? भांडण फक्त दुसऱ्यावर आहे.

आता तुमचं दुखणं काय आहे ते बघू. कंबरेच्या पाच मणक्यांपैकी चौथा आणि पाचवा यांच्यामधल्या सांध्यावर आयुष्यभर मोठा भार पडतो. वयाप्रमाणे मधली गादी चपटी होते, मागचे दोन छोटे सांधे झिजतात, आणि वरचा मणका हळूहळू पुढे घसरतो. हे बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं. ‘ग्रेड १’ म्हणजे खालच्या मणक्याच्या रुंदीच्या पाव भागापर्यंतच सरकलाय, म्हणजे सगळ्यांत कमी. शब्द ऐकून छातीत धस्स होतं, पण कुणाचा मणका पाठीतून निखळून पडत नाही. सरकल्यामुळे आणि आतला बंध जाड झाल्यामुळे नसा जातात ती नळी तिथे अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळली जाते, पुढे वाकलं किंवा बसलं की जरा मोकळी होते. म्हणून तुम्हाला चालताना त्रास आणि टेकल्यावर आराम. माझ्या कितीतरी रुग्ण बायका सांगायच्या, की भाजीवाल्याच्या गाडीवर हात टेकून ओणवं उभं राहिलं की पाय परत आपले वाटतात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायला मिळालं तरी मुलुंडपर्यंत सुख, असं एकीने सांगितलं होतं. हे वर्णन ऐकलं की एमआरआय बघायच्या आधीच निम्मं निदान होतं.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासून घ्या, कारण मधुमेह आणि तंबाखू दोन्ही आहेत. या दोन्हींनी पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात, आणि तेव्हाही चालताना पोटरी भरून येते. फरक असा : रक्तवाहिनीचा त्रास असेल तर नुसतं उभं राहिलं तरी थांबतो. मणक्याचा असेल तर बसावं किंवा वाकावं लागतं. डॉक्टरांना दोन्ही पावलांवरच्या नाड्या बोटांनी तपासायला सांगा, शंका वाटली तर पायांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, होतो. तळव्यांच्या मुंग्या रात्री अंथरुणातही येत असतील, बसल्यावरही जात नसतील, तर त्यातला काही भाग मधुमेहाचा असू शकतो. तो भाग कोणत्याही स्क्रूने जाणार नाही. ऑपरेशननंतर ‘पण तळवे अजून बधिरच आहेत’ म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आता इम्प्लांट. काकूंना सांगा, लोखंड नसतं. टायटॅनियमचा मिश्रधातू असतो, तो गंजत नाही. स्क्रू साधारण पेन्सिलीएवढा जाड आणि चार-पाच सेंटिमीटर लांब असतो. पाठीमागून प्रत्येक मणक्याच्या दोन बाजूंना हाडाचे दोन देठ असतात, त्यांतून तो पुढच्या मुख्य हाडात जातो. चौथ्या मणक्यात दोन, पाचव्यात दोन, आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू एकेका रॉडने जोडलेले. केज म्हणजे झिजलेली गादी काढून त्या जागी बसवायची छोटी पोकळ डबी. ती पीक नावाच्या कडक प्लास्टिकची असते किंवा टायटॅनियमची. नस मोकळी करताना जे हाड काढतात, तेच बारीक करून तिच्या आत आणि आजूबाजूला भरतात. मग दोन मणक्यांमध्ये नवं हाड धरू लागतं आणि ते दोघे मिळून एक होतात. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं.

बाई, हे वाक्य तुम्ही आणि तुमच्या मुलाने नीट वाचा : स्क्रू दुखणं बरं करत नाहीत. ते दोन हाडं हलू न देता धरून ठेवतात, आणि हाड जुळून आलं की त्यांचं काम संपतं. हाड जुळलंच नाही, तर रोजच्या उठण्याबसण्याच्या ताणाने धातू आज ना उद्या थकतो, मग स्क्रू सैल होतो किंवा तुटतो. स्लॅब टाकताना खाली टेकू लावतात, तसं समजा. सिमेंट धरलंच नाही तर टेकू किती दिवस तग धरणार?

आणि हाड न धरण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे निकोटीन. सिगारेटचं सगळ्यांना माहीत असतं. मशेरीला मात्र आपल्याकडे कोणी तंबाखू समजतच नाही, ती ‘दात घासायची’ असते. माझ्याकडे एक बाई होत्या, तुमच्याच वयाच्या. ऑपरेशन सुरेख झालं, तीन महिने छान चालल्या, दहाव्या महिन्यात कंबर पुन्हा दुखायला लागली. एक्स-रेमध्ये खालचा एक स्क्रू तुटलेला, मध्ये हाड नाही. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का? ‘नाही हो, कधीच नाही.’ बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘मशेरी लावते फक्त, दिवसातून चारदा.’ त्यांना कुणी तो प्रश्न त्यांच्या शब्दांत विचारलाच नव्हता, आणि मीही विचारला नव्हता. ते मला आजही लागून राहिलं आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, उद्याच डॉक्टरांना सांगा आणि डबी घरातून बाहेर काढा. ऑपरेशनच्या निदान सहा आठवडे आधीपासून बंद, आणि नंतर हाड जुळेपर्यंत तर नाहीच. एकदम सोडवत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मदत मिळते. पहिले दहा-बारा दिवस जड जातील, पोट साफ होणार नाही, चिडचिड होईल. तेवढ्यासाठी घरच्यांना कल्पना देऊन ठेवा.

आता भांडणाकडे. स्क्रू हवेत का?

तुमचा एमआरआय झोपून काढलेला आहे. झोपलं की सरकलेला मणका बऱ्याचदा थोडा मागे जातो, मग तो उभ्याने किती हलतो हे त्यात कळत नाही. त्यासाठी साधा, थोडक्या पैशांत होणारा एक्स-रे लागतो : उभं राहून, एकदा पुढे पूर्ण वाकून आणि एकदा मागे झुकून, दोन्ही फोटो शरीराच्या कडेने काढलेले. या दोन फोटोंमध्ये चौथा मणका तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त पुढेमागे होत असेल, तर तो अस्थिर आहे असं बहुतेक सर्जन मानतात. अशा मणक्याची मागची कमान नस मोकळी करायला कापली तर तो आणखी सरकण्याची भीती असते, तिथे स्क्रू हवेत. मणका आपल्या जागी घट्ट असेल, तर नुसती नस मोकळी करणं हा खरोखरीचा पर्याय आहे. पावणेपाच लाखांचा अंदाज हातात आहे, पण या एक्स-रेचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. झाला नसेल तर सगळं थांबवून तो आधी काढा.

दुसरे डॉक्टर काही जुनाट सांगत नाहीत, हेही समजून घ्या. २०१६ साली स्वीडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळी अरुंद झालेल्या रुग्णांमध्ये, मणका सरकलेला असो वा नसो, नस मोकळी करण्याबरोबर मणके जोडले म्हणून दोन वर्षांनी काही जास्त फायदा दिसला नाही. त्याच वेळी आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात मात्र जोडलेल्यांची तब्येत थोडी बरी निघाली आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ कमी जणांवर आली. त्यात जास्त हलणारे मणके घेतलेच नव्हते. मग २०२१ मध्ये नॉर्वेतल्या २६७ रुग्णांच्या अभ्यासात, सरकलेल्या मणक्यातही नुसतं मोकळं करणं जोडण्यापेक्षा कमी पडलं नाही. उलट आपल्या केईएममध्ये न्यूरोसर्जरीचे प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल वर्षानुवर्षं मांडत आले, की मूळ दोष अस्थिरतेचा आहे आणि मणका स्थिर करणं हाच खरा उपाय. म्हणजे जाणती माणसं इथे प्रामाणिकपणे वेगवेगळं बोलतात. एक डॉक्टर लुटतोय आणि दुसरा देवमाणूस, असा अर्थ घरात कुणी काढू नये.

तरी माझं मत विचारलंत म्हणून सांगते. तुमचा त्रास कंबरेपेक्षा पायांचा जास्त आहे, आणि तो चालण्यावर आला आहे. अशा रुग्णांना ऑपरेशनचा फायदा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी स्क्रू घातलेल्यांमध्ये तेवढं समाधान मला कधी दिसलं नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘बहुधा हो, पण घाई नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर एक्स-रे देईल. मणका हलत नसेल तर मी माझ्या बहिणीलाही आधी स्क्रूशिवायच्या ऑपरेशनबद्दल विचारायला सांगितलं असतं.

घाई कधी करायची, तेही सांगते. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना आणि चप्पल पायातून निसटू लागली, तर सुट्टीची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. यातलं काही नसेल तर दोन-तीन महिने थांबल्याने तुमचं नुकसान होत नाही. तेवढ्यात साखर ताब्यात येईल, मशेरी सुटेल, व्यायाम करून बघता येईल. मे महिन्याची सुट्टी शाळेची आहे, मणक्याची नाही.

व्यायाम म्हणजे पाठ मागे वाकवणारे नकोत. भुजंगासन, धनुरासन बंद. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, पोटाचे खोलवरचे स्नायू आवळणं, बसून चालवायची सायकल, हे चालेल. सायकलवर तुम्ही पुढे झुकता म्हणून पाय दुखत नाहीत, आणि दमसासही वाढतो. सहा आठवडे नेटाने करा. पायाच्या कळांसाठी मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने काही आठवडे-महिने आराम पडू शकतो, पण तुमची साखर चढेल, हे आधी विचारून घ्या. कंबरेचा पट्टा गर्दीच्या प्रवासापुरता. आणि सरकलेला मणका ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पाठ देऊ नका, कितीही नावाजलेला असू दे. हाताने दाबून तो मागे जात नाही.

ऑपरेशन ठरलंच तर आधी दोन तपासण्या स्वतःहून मागा. एक, तीन महिन्यांची सरासरी साखर. ती जास्त असेल तर जखमेत जंतू शिरण्याचा धोका वाढतो, आणि धातू आत असताना झालेला संसर्ग निस्तरायला फार जड जातो. दुसरी, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी. पाळी थांबल्यानंतर हाडं विरळ होतात. जुन्या चाळीतल्या चुन्याच्या भिंतीत खिळा ठोकून बघा, तसा विरळ हाडातला स्क्रू. हे आधी कळलं तर हाडं मजबूत करायची औषधं आधी देता येतात, किंवा स्क्रूभोवती हाडाचं सिमेंट भरता येतं. नंतर कळून उपयोग नाही.

धोकेही नीट विचारा : नसेवरचं आवरण फाटणं, स्क्रू चुकीच्या जागी जाऊन नस दुखावणं, पायात रक्ताची गुठळी. आणि एक, जे सहसा सांगत नाहीत. दोन मणके जोडले की त्यांची हालचाल वरच्या-खालच्या सांध्यांना करावी लागते, ते पुढच्या काही वर्षांत जास्त झिजू शकतात. सगळ्यांना होत नाही, पण काहींना दुसरं ऑपरेशन लागतं.

पैशांचं. ‘इम्प्लांट वेगळे’ या दोन शब्दांवर बोट ठेवा. हृदयाच्या स्टेंटवर आणि गुडघ्याच्या सांध्यावर २०१७ साली केंद्र सरकारने किमतीची कमाल मर्यादा घातली, मणक्याच्या स्क्रूंना तशी मर्यादा नाही. त्यामुळे कंपनी कोणती, देशी की परदेशी, एकेका स्क्रूची, रॉडची, केजची किंमत किती, हे लेखी मागा. देशी चांगला स्क्रू घेतला म्हणून हाड कमी जुळत नाही. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक इम्प्लांटचं स्टिकर, ज्यावर बॅच नंबर असतो, ते तुमच्या फाइलमध्ये आहे ना हे बघा. विम्यालाही लागतं, आणि पुढे कधी पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर सर्जनला आत काय बसवलंय ते त्यावरूनच कळतं. मेडिक्लेम असेल तर मणक्याच्या आजारांना प्रतीक्षा काळ आहे का आणि खोलीभाड्याची मर्यादा किती, हे आधी वाचा. खोली वरची घेतली की काही पॉलिसींत बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कापतात. तिसरं मत हवं असेल तर केईएम, शीव, नायर किंवा जेजेच्या ओपीडीत जा. रांग लागेल, सकाळ जाईल, पण तिथल्या डॉक्टरला तुमच्या ऑपरेशनमधून काही मिळवायचं नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

राहिले तुमचे प्रश्न. स्क्रू आयुष्यभर राहतात. त्रास दिला नाही तर काढत नाहीत. पुढे एमआरआय करता येतो, फक्त त्या जागेचं चित्र थोडं अंधूक येतं. अंथरुणाला खिळायचं म्हणाल, तर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभं करतात. ‘लाकडासारखं’ वळायला आधीच शिकून घ्या : खांदा, कंबर, गुडघे एकदम कुशीवर, मग पाय कॉटखाली सोडून हाताच्या जोरावर उठायचं. ऑपरेशननंतर दुखत असताना शिकणं कठीण जातं, आज रात्रीपासून सराव करा. पहिले तीन महिने खाली वाकून उचलणं नाही, पाण्याची बादली नाही, मांडी घालून बसणं नाही. शाळा सहा ते आठ आठवड्यांनी, तीही गर्दीची लोकल टाळून. घरी कमोड नसेल तर खुर्ची आधी आणून ठेवा.

आणि मोदक. एकच सांधा जोडला तर वाकणं फारसं कमी होत नाही, कारण आपण वाकतो ते मुख्यतः खुब्यातून. हाड जुळल्यावर माझ्या कितीतरी बायका पुन्हा पाटावर बसल्या. पण यंदा मे-जूनमध्ये ऑपरेशन झालं, तर गणपतीपर्यंत हाड कोवळंच असेल. यंदा उकड काढायची मुलाने, आणि तुम्ही जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर ताठ बसून कळ्या पाडायच्या.

एक्स-रे झाला की रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते मला कळवा. मशेरीचं काय झालं तेही लिहा, आणि सुटली नसेल तरी लिहा.